खोटी हाक

१

कारखान्याच्या बोळात दोन खोल्या समोरासमोर होत्या आणि दोन्ही दारांवर एकच पाटी होती: 'सुरक्षा अधिकारी'. नवा माणूस हमखास चुकीच्या दारात शिरायचा आणि तिथेच आपलं गाऱ्हाणं सांगून मोकळा व्हायचा. एका खोलीत बाई बसत. त्यांचं काम माणसांना त्या धातूपासून जपायचं. समोर जे बसत त्यांचं काम त्या धातूला माणसांपासून जपायचं. कुलूप, कडी, कार्ड आणि कॅमेरा यांवर त्यांचा इतका जीव की सगळे त्यांना किल्लेदार म्हणत. नाव बाईंनाही ठेवलेलं होतं, पण पाठीमागे. थांबाबाई. कारण कोणी काहीही करायला निघालं की बाईंचा पहिला शब्द 'थांबा'.

धातू म्हणजे कोबाल्ट. बोटाएवढ्या जाड कांड्या, बस. इंजेक्शनच्या सुया, हातमोजे, टाके घालायचे दोरे असा माल खोक्यांत बंद होऊन यायचा आणि पट्ट्यावरून त्या कांड्यांसमोर फिरवला की खोकं न उघडता आतले जंतू मरायचे. जिथे जंतू टिकत नाहीत तिथे माणूस काय टिकणार! कांड्या वर असताना कोणी आत सापडला तर काही मिनिटांत त्याचा कारभार आटोपला. म्हणून काम नसताना कांड्या खोल हौदाच्या तळाशी पाण्यात. तिथे त्या निळ्या दिसत. त्या निळाईकडे बाई कोणालाही फार वेळ बघू देत नसत.

कांड्या वर काढण्याआधी एका माणसाने आत जाऊन फेरी मारायची. आधी जाड भिंतींमधली नागमोडी वाट, मग खोली, मग हौदाला वळसा घालून पार मागची भिंत. ठिकठिकाणी बटणं. ती ओळीने दाबायची, म्हणजे माणूस सगळीकडे पोचला हे बाहेर पॅनेलला कळतं. प्रत्येक बटणापाशी "कोणी आहे का?" म्हणून हाक द्यायची आणि क्षणभर थांबायचं. फेरीवाल्याच्या गळ्यात एक पितळी किल्ली असायची. तीच किल्ली बाहेर आणून पॅनेलमध्ये फिरवली तर कांड्या वर येणार, एरवी नाही. म्हणजे आत गेलेला माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर आल्याशिवाय काही सुरूच होत नसे. आणि इतकं करूनही कोणी राहिलाच, तर आत सगळ्या भिंतींना कमरेच्या उंचीवर एक लाल दोरी लावलेली होती. ती कुठेही ओढा, कांड्या धाडकन पाण्यात आणि बाहेर घंटा.

"किल्ली आणि दोरी," बाई म्हणायच्या, "या दोन माझ्या. बाकीचं तुमचं काय ते बघा."

२

पुढे वरून तपासणी झाली आणि किल्लेदारांना स्फुरण चढलं.

"मॅडम, हा माल चोराच्या हाती लागला तर शहर हादरेल. आणि त्याची किल्ली कुठे? कामगाराच्या गळ्यात! ती कॅन्टीनला जाते, संडासला जाते."

"आणि माणसाला घेऊन परत येते," बाई म्हणाल्या.

"तुमची ती दोरीही मला खटकते. चोर आत लपून बसला आणि त्याने दोरी ओढली, की कांड्या खाली, खोली मोकळी, दार उघडायला आपण हजर. त्याला आणखी काय पाहिजे?"

"दोरीला हात लावायचा नाही साहेब."

पुष्कळ दिवस ही ओढाताण चालली. माणूस काही चुकीचं बोलत नव्हता, हीच बाईंची खरी अडचण होती. शेवटी दोघांनी चहा मागवून तडजोड केली. दोरी बाईंकडे राहिली, किल्ली किल्लेदारांकडे गेली. किल्लीच्या जागी कार्ड आलं आणि सोबती आला. यापुढे फेरीला कामगाराबरोबर पहाऱ्यावरचा एक माणूस जाणार. दोघांनी दारातल्या यंत्राला कार्ड लावून आत जायचं, कार्ड लावून बाहेर यायचं. दोन आत, दोन बाहेर, सगळी बटणं दाबलेली, की पॅनेल हिरवं.

पहिल्या पाळीत फेरीचं काम जावईबापूंकडे होतं. हे बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बाईंच्या शब्दावर कामाला लागले म्हणून अख्खा कारखाना त्यांना जावईबापू म्हणून चिडवायचा आणि ते चिडायचे नाहीत. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट एका पेराने आखूड होतं. पूर्वी सुतारकाम करायचे, तेव्हाची करवतीची खूण. त्यांच्याबरोबर जायचे पहाऱ्यावरचे मिशीमामा. मामांना त्या खोलीची धास्ती होती. नागमोडी वाटेच्या शेवटच्या वळणावर ते थांबायचे आणि तिथून खाकरायचे, म्हणजे सोबत झाली.

सुरुवातीलाच एकदा बटण दाबायला वाकताना जावईबापूंचं कार्ड गळ्यातून निसटून हौदात पडलं. ते काढायला सगळा दिवस गेला. तेव्हापासून त्यांचं कार्ड वळणावर मामा सांभाळू लागले. असं करा हे कोणी सांगितलं, तर कोणीच नाही. अशा सोयी आपोआप होतात. बाईंना ते ठाऊकही नव्हतं.

३

किल्ली कपाटात गेली त्याच आठवड्यात एका सकाळी घंटा वाजली.

बाई खोलीत कागद चाळत होत्या. घंटा ऐकली आणि त्या अनवाणीच पळाल्या. इतक्या वर्षांत ती घंटा महिन्याच्या चाचणीशिवाय कधी वाजली नव्हती. पॅनेलवाला पॅनेलसमोर उभा होता. कांड्या आपोआप खाली गेल्या होत्या. पॅनेलवर दोरीचे तीन दिवे होते: मागची भिंत, वळण आणि दार. त्यातला मागच्या भिंतीचा पेटला होता.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही मॅडम. हे काय, दोघंही इथे आहेत."

खरंच होतं. मिशीमामा तिथेच होते, जावईबापूही माल उतरवायच्या बाजूने धावत आले होते. बाईंनी एकेकाला डोळ्यांनी मोजलं. कोणी कमी नव्हतं.

कांड्या खाली गेल्या तरी लगेच आत जाता येत नाही. किरणांनी आतली हवाच बिघडते, वीज पडल्यावर येतो तसा उग्र वास सुटतो. आधी पंखा लावायचा आणि वास जाईपर्यंत बाहेर तिष्ठायचं. ते झाल्यावर दार सरकलं आणि बाई स्वतः आत गेल्या. हाक दिली, थांबल्या. पाणी निळं होतं आणि शांत होतं. खोकी जागच्या जागी होती.

फक्त मागच्या भिंतीवरची दोरी हलत होती. आत्ताच कोणी सोडून दिल्यासारखी.

पंख्याचा वारा, बाईंनी स्वतःला सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण दाराबाहेर असतानाच पंखा बंद झाला होता. त्यांनी दोरी हाताने धरली आणि ती हलायची थांबेपर्यंत सोडली नाही.

४

वीजवाल्याने स्प्रिंग बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा वाजली. त्याने तार बदलली, तरी वाजलीच. मग त्याने डोकं खाजवलं आणि उंदराचं नाव घेतलं. त्या खोलीत उंदीर! बाईंना एवढ्या तणावातही हसू आलं. तिथे मुंगी जगत नव्हती.

आत कॅमेरा लावावा म्हटलं तर किरणांनी तो थोड्याच दिवसांत आंधळा व्हायचा. तरी किल्लेदारांनी हट्टाने एक लावला. घंटा वाजली त्या क्षणाचं चित्र त्यांनी बाईंना दाखवलं. नुसते पांढरे ठिपके, बर्फ पडल्यासारखे. दोघांनी ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं.

बाई मूळच्या हिशेबी. भुताखेताचं कोणी काढलं की त्या म्हणायच्या, "भूत परवडलं, कामचुकार फिटर नको." त्यांनी दोरीची प्रत्येक कडी तपासली, वजन लावून ताण पाहिला. दोरी चोख होती. ओढल्याशिवाय वाजत नव्हती आणि वाजत तर होतीच.

मग एका दुपारी पॅनेलवाला हळूच म्हणाला, "मॅडम, दिवा बघितलात का? आधी मागची भिंत यायची. मग वळण यायला लागलं. काल आणि आज..."

"काय काल आणि आज?"

"दार."

बिघाड जागेवर राहतो, बाईंचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता. बिघाड चालत नाही. हा मात्र मागच्या भिंतीपासून निघून वळणावरून दाराकडे आला होता.

"तारेचा दोष असेल," त्या म्हणाल्या. "सरकतो कधीकधी."

असा कधी सरकत नाही, हे त्यांना माहीत होतं. पॅनेलवाल्यालाही माहीत होतं. तो "हो" म्हणाला.

५

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली तेव्हा दिवा दाराचाच होता. पंखा लावला, वास गेला, दार सरकलं. बाई आत शिरल्या आणि कधी नाही ते त्यांनी मागे वळून दाराच्या आतल्या बाजूकडे बघितलं.

ते दार म्हणजे रुळांवर सरकणारा लोखंडी पत्र्याने मढवलेला भिंतीचा तुकडाच. मोटारीने उघडतं, मोटारीने बंद होतं. हाताने ढकलायला पन्नास माणसं लागतील, म्हणून त्याला कोणी हात लावायला जातच नाही. खोक्यांच्या पुठ्ठ्याची बारीक धूळ तिथे सगळ्यावर बसते, तशी त्या पत्र्यावरही बसली होती. त्या धुळीत तळहात उमटले होते. एकावर एक, छातीच्या उंचीवर, बरेच.

"अरे बापरे," जावईबापू मागून म्हणाले. "कोणी एवढं दार बडवलं?"

बाईंनी टॉर्च जवळ नेला. बहुतेक ठसे फिसकटलेले होते. एक मात्र चांगला स्वच्छ होता, डाव्या हाताचा. त्याचं मधलं बोट आखूड होतं.

बाईंनी टॉर्च विझवला. पण जावईबापूंनी पाहिलं होतं. त्यांनी हसत हसत आपला डावा हात उचलला आणि त्या ठशावर ठेवला. हात नेमका बसला.

"माझाच की! आत-बाहेर करताना कधी टेकला असेल." मग त्यांचं हसू जरा ओसरलं. "पण ताई, मी इथे हात कशाला टेकीन?"

"टेकला असेल," बाई म्हणाल्या. "पुसून टाका ते."

त्यांनी पुसलं. बाई बाहेर येऊन स्वतःच्या खोलीत बसल्या. त्यांना इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. कशाची वाटते हे मात्र कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात जावईबापूंचा होता आणि जावईबापू तर धडधाकट समोर उभे होते, यात भिण्यासारखं काय आहे? त्यांनी हा प्रश्न स्वतःला पुन्हा पुन्हा विचारला. उत्तर दर वेळी बरोबर यायचं आणि भीती हटायची नाही.

६

"लांडगा आला रे आला, असं झालंय हे," किल्लेदार म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात चढेलपणा नव्हता. "चोरांची ही जुनी युक्ती आहे मॅडम. आधी खोट्या हाका मारून पहाऱ्याला कंटाळवायचं आणि मग एक दिवस खरा हात मारायचा. शिवाय रोज मरे त्याला कोण रडे? घंटा अशीच वाजत राहिली तर खऱ्या वेळी तुमचीच माणसं उठायची नाहीत."

"मग काय म्हणणं आहे?"

"घंटा आणि दिवे माझ्या पहाऱ्याच्या खोलीत घेऊ. दोरी ओढली गेली की आधी तिथला माणूस यंत्रावर बघेल, आत किती, बाहेर किती. आत कोणी असेल तर बटण दाबून कांड्या खाली घेईल. नसेल तर खोटी हाक."

"म्हणजे दोरी ओढली तरी कांड्या पडणार नाहीत?"

"खात्री झाली की पडतील. फक्त बाहेरचा तज्ज्ञ येऊन दोरी तपासेपर्यंत. आठवडाभर म्हणा."

थांबाबाईंनी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं. जावईबापू दारात येऊन उभे होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "ताई, होऊन जाऊ द्या. ठशाचं कळल्यापासून लोक माझ्याकडे कसे बघतात. जेवायला शेजारी बसत नाहीत. ती घंटा वाजली की मलाच कसंतरी होतं. मला कोणी बोलावतंय असं वाटतं."

बाईंनाही आता ती घंटा घरी ऐकू यायची, भांडी घासताना, केस विंचरताना. आपण सही करतोय ती कोणासाठी, हा विचार त्यांच्या मनात आला. जावईबापूंसाठी, असं उत्तर त्यांनी दिलं. ते अर्धंच खरं होतं. त्यांना ती घंटा ऐकायची नव्हती.

त्यांनी सही केली. संध्याकाळी धाकटीचा फोन आला, "ताई, हे म्हणत होते तू तोडगा काढलास. तू आहेस तिथे म्हणून मला घोर नाही बघ." बाईंना बरं वाटलं.

७

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही.

सकाळ सरकत गेली. पट्टा घरघरत होता, खोकी फिरत होती. पॅनेलवाला शीळ घालत होता. घंटा आता पहाऱ्याच्या खोलीत होती आणि ती इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला, हे बाईंना ठाऊक होतं. तरी वाजली असती तर कोणी सांगायला आलं असतं, असं त्यांनी धरून चाललं. सुंठीवाचून खोकला गेला. कित्येक दिवसांनी त्या डबा चवीने जेवल्या. समोरच्या खोलीत डोकावून किल्लेदारांना म्हणाल्या, "साहेब, तुमचा उपाय लागू पडला हं." किल्लेदार चक्क लाजले.

पहिली पाळी सुटली. माणसं हात धुऊन, फोन ठेवायच्या कप्प्यांतून आपापले फोन घेऊन पांगली. बाईंचा टेबलावरचा फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, यांना जादा काम दिलंयस का?"

"नाही गं. का?"

"चिमीला शाळेतून हेच आणतात ना रोज. आत्ता शाळेतून फोन आला, पोरगी फाटकात उभी आहे. ह्यांचा फोन नुसता वाजतोय."

"निघाले असतील. वाटेत असतील."

"असं कधी करत नाहीत ते."

"बघते मी. तू चिमीला आण जा."

बाई उठल्या. अजून त्यांना काही वाटलं नव्हतं. माल उतरवायच्या बाजूला विचारलं, तर तिथले म्हणाले, "जावईबापू? सकाळपासून आलेच नाहीत इकडे. आम्हाला वाटलं आज पॅनेलवर आहेत." पॅनेलवाला म्हणाला, "फेरी करून नेहमीसारखे तिकडे गेले असतील ना." "असतील म्हणजे? तुम्ही बघितलंत?" "यंत्र बघितलं मॅडम. दोन आत, दोन बाहेर. हिरवं होतं."

बाई कार्डांच्या कपाटाशी गेल्या. जावईबापूंचं कार्ड आपल्या जागी होतं. बाईंचा श्वास मोकळा झाला. मग त्यांची नजर शेजारच्या फळीवर गेली. छातीवर लावायचे बिल्ले तिथे खुंट्यांवर टांगलेले असतात. कोणाला किती किरण लागले ते त्यावरून कळतं. किल्लेदारांच्या लेखी त्या बिल्ल्यांना काडीची किंमत नव्हती, ती बाईंची व्यवस्था. पाळी सुटल्यावर सगळ्या खुंट्या भरलेल्या होत्या.

एक सोडून.

८

पहाऱ्याच्या खोलीत मिशीमामा खुर्चीत पाय पसरून बसले होते. समोरच्या फळीवर तीन दिवे. दाराचा पेटलेला होता.

"मामा, आज घंटा वाजली?"

"वाजली म्हणजे? उच्छाद मांडला होता नुसता!" मामांनी अंगठा दाखवला. "बंद करून करून हा दुखायला लागला बघा. सगळ्या दाराच्याच. यंत्रावर बघितलं दर वेळी, आत कोणी नाही. साहेब म्हणाले होते, खोटी हाक असेल तर बंद करायची. केली."

"सकाळी फेरीवरून जावईबापू तुमच्याबरोबर बाहेर आले?"

"आले की. म्हणजे..." मामा पाय गोळा करून नीट बसले. "मी वळणावर होतो. फाटकावरून मला हाक आली, गाडी आली होती. मी जावईबापूंना ओरडून सांगितलं, मी होतो पुढे. ते म्हणाले, आलोच, एकच बटण राहिलंय. मग मी कार्डं लावली आणि..."

"कार्डं? किती कार्डं?"

मामांनी बाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बघता बघता उतरला. कधीतरी पडलेली एक सोय त्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदाच उभी राहिली होती.

"दोन्ही," ते म्हणाले. "दोन्ही माझ्याकडेच असतात ना. बाहेर आल्यावर कपाटात ठेवतो."

बाई किंचाळल्या. आपण किंचाळतो आहोत हे त्यांना किल्लेदार धावत आल्यावर कळलं. त्यांनी फळीवरचं कांड्यांचं बटण दाबलं, मुठीने, पुन्हा पुन्हा. लांबून पट्टा थांबल्याचा आवाज आला. मामांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. "मॅडम, पण मग घंटा तेच वाजवत होते का हो? सबंध दिवस?"

सबंध दिवस कोणीच वाजवू शकत नाही. कांड्या वर आल्यावर तिथे माणसाला पाच मिनिटंही नसतात. ते या कारखान्यात बाईंइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

आणि तेवढ्यात, त्यांच्या तिघांच्या डोळ्यांदेखत, घंटा वाजली.

दिवा दाराचा होता. मामांनी रडत रडत अंगठा पुढे केला आणि ती बंद केली.

९

पंख्यासाठी बाई थांबल्या नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना थांबवणाऱ्या बाईंनी तोंडाला पदर लावला आणि पॅनेलवाल्याला म्हणाल्या, "दार उघड."

"नका उघडू मॅडम," किल्लेदार म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आत... आता कोण असेल?"

"तुम्ही बाहेर थांबा."

पण दार सरकलं तेव्हा ते बरोबर आले.

दाराशी कोणी नव्हतं. धूळ त्या दिवशी पुसलेली होती, तिथे आज ठसे होते, ताजे, छातीपासून खाली खाली घसरत गेलेले. दाराजवळची लाल दोरी हलत होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या नागमोडी वाटेने पुढे गेल्या. उग्र वासाने डोळे चुरचुरत होते. "कोणी आहे का?" त्यांच्या तोंडून सवयीने हाक गेली आणि त्या सवयीने थांबल्या.

जावईबापू मागच्या भिंतीशी, शेवटच्या बटणाखाली पडले होते. हौदाच्या काठची फरशी तिथे ओली होती. बटण दाबून वळताना पाय घसरून डोकं कठड्यावर आपटलं असावं, कानामागे वाळलेलं रक्त होतं. एक हात बटणाच्या बाजूला पसरलेला, एक अंगाखाली दुमडलेला. बाईंनी चेहरा बघितला नाही. छातीवरचा बिल्ला बघितला. त्याची पट्टी काळी पडली होती.

त्या खाली बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या. "चिमी शाळेच्या फाटकात उभी आहे हो."

किल्लेदारांनी टॉर्च भिंतीवर नेला. जावईबापूंच्या डोक्यावर हातभर अंतरावर लाल दोरी होती. तिच्यावर पुठ्ठ्याच्या धुळीचा थर जसाच्या तसा होता. तिला आज कोणी शिवलेलं नव्हतं.

"मॅडम, हे तर पडल्यापासून हललेच नाहीत. कांड्या वर येण्याआधी आत भोंगा वाजतो, तेव्हाही शुद्ध नसणार. यांनी दोरी ओढलीच नाही." त्यांनी टॉर्च दाराकडे वळवला. "मग दाराशी..."

बाईंना ते वाक्य पुरं करायची गरज नव्हती. एवढे दिवस जावईबापूच हाका मारत होते. मागच्या भिंतीपासून निघाले होते, वळणावर आले होते, दारापर्यंत पोचले होते, आणि दार बडवून बडवून सांगत होते की आत कोणी आहे. मरायच्या आधी सांगत होते. आणि आपण घंटा उचलून लांब नेऊन ठेवली.

बाईंनी त्यांचा डावा हात अंगाखालून हळूच काढला आणि आपल्या हातात घेतला. तो गार होता. तळव्याला धूळ लागली होती, पुठ्ठ्याची, करडी.

मागे, दाराच्या बाजूला, दोरीची कडी खट् वाजली.

दोघंही जागच्या जागी थिजले. वळणापलीकडून कोणीतरी दोरी ओढत होतं, घाईने, जीव तोडून. लांब इमारतीच्या दुसऱ्या टोकाला घंटा वाजू लागली.

आणि मिशीमामांनी ती बंद केली.